खळ आणि शिक्का

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कापडबाजारात सव्वाआठ पौंड या आकड्याला फार मान होता. मँचेस्टरहून येणाऱ्या कोऱ्या शर्टिंगचा ठरीव ताका साडेअडतीस वार लांब, एकोणचाळीस इंच पन्ह्याचा आणि वजनाला सव्वाआठ पौंड असे. दलाल वजनाचीच भाषा बोलत, आणि गावोगावचं गिऱ्हाईकही कापड हातावर तोलूनच घेई. जड ते टिकाऊ, ही समजूत हातमागाच्या धोतरालुगड्यांवर पोसलेली होती आणि त्या मालापुरती ती खरीही होती. मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायर परगण्यातल्या गिरणीवाल्यांनी नेमकी हीच नस पकडली. सूत कमी घालायचं आणि वजनाची तूट मातीने भरून काढायची.

माती म्हणजे अक्षरशः माती. कॉर्नवॉल परगण्यातल्या सेंट ऑस्टेलच्या खाणींत निघणारी, कपबशा करायची पांढरी चिनी माती.

खळ लावणं ही मुळात लबाडी नव्हे. मागावर ताणलेल्या उभ्या धाग्याला धोट्याची आणि फणीची घासाघीस सोसावी लागते. त्याला पेज पाजली नाही तर तो तटातट तुटतो. सोलापूरच्या विणकर वस्त्यांत ही पांजणी रस्त्यावरच चाले. दोन्ही टोकांना ताण देऊन लांबच लांब ताणा पसरायचा आणि पेजेत बुडवलेला कुंचा त्यावरून सारख्या हाताने फिरवत जायचं. धागा धाग्याला चिकटला की मागावर बसल्यावर विणकराचा दिवस गेलाच, म्हणून घरची बायकापोरंसुद्धा या कामाला उभी राहत. ही खळ धाग्याला बळ देण्यापुरती. पहिल्या धुण्यात ती निघून गेली तरी खालचं कापड शाबूत असे.

लँकेशायरमध्येही आधी गव्हाचं पीठ आणि चरबीच चाले. १८५४ नंतर क्रिमियाच्या युद्धात दोन्ही महाग झालं तेव्हा चिनी मातीचा शिरकाव झाला आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिचं बस्तान पक्कं केलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस जवळजवळ बंद पडला. त्याच्या जागी आपला आखूड धाग्याचा कापूस गेला. तो कुठलाही असो, तिकडे त्याला सरसकट ‘सुरत’ म्हणत. तिथले कामगार त्याला इतके विटले की ‘देवा, कापूस दे, पण सुरत नको’ अशी प्रार्थना केल्याची गोष्ट अजून सांगितली जाते. कमजोर धाग्याला जास्त खळ लागते, हे खरंच. पण युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत आला, तरी खळ काही उतरली नाही. सुतापेक्षा माती किती स्वस्त पडते हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. पूर्वेकडच्या बाजारांसाठी खास जड खळीचा माल निघू लागला. त्यातल्या काही जातींत एक पौंड सुतावर जवळजवळ तेवढ्याच वजनाची खळ चढवत.

यात रसायनशास्त्र बऱ्यापैकी होतं. माती कोरडी पडून झडू नये म्हणून खळीत मॅग्नेशियम क्लोराइड घालत. ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणजे मातीबरोबर पाण्याचंही वजन गिऱ्हाइकाच्या गळ्यात. त्या ओलीने पिठाला बुरशी येऊ नये म्हणून झिंक क्लोराइड. याचं प्रमाण जरा चुकलं की आगबोटीच्या पोटात महिनाभर दबलेली गाठ मुंबईत किंवा शांघायमध्ये उघडल्यावर कापड आतून हिरव्या-काळ्या डागांनी भरलेलं निघे. बुरशीच्या तक्रारी चीनमधून आल्या, हिंदुस्थानातून आल्या, नुकसानीचे दावेही झाले. गिरणीवाला खळवाल्याकडे बोट दाखवी, खळवाला जहाजवाल्याकडे.

या साखळीच्या शेवटच्या टोकाला वेळापूरसारखं गाव होतं. सोलापूर जिल्ह्याचा माळशिरस तालुका, पाऊस बेताचा, धनगरांच्या मेंढ्या आणि घोंगड्या. वेळापूर तसं जुनं, यादवकाळातल्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळाचं आणि ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या मुक्कामाचं. आगगाडी १८६० मध्ये सोलापूरला पोचली. वाटेतलं एक स्टेशन बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी. अशा स्टेशनांत उतरलेली विलायती गाठ बैलगाडीने आतल्या बाजारांत जाऊ लागली. पूर्वी धोतरजोडी विरळ निघाली तर कोष्ट्याच्या किंवा साळ्याच्या दारात जाऊन चार शिव्या देता येत. आता दुकानदार म्हणणार, मला घाऊक व्यापाऱ्याने दिलं. तो म्हणणार, मुंबईहून आलं. आणि मुंबईच्या पलीकडे समुद्र. नवं कडक, चकचकीत धोतर ओढ्यावर नेऊन पहिल्यांदा आपटलं की पाणी पांढरंफेक व्हायचं आणि हातात उरायची ती चाळण. बाईने धुतलं कसं यावरून घरात भांडण झालं नसेल तरच नवल.

या स्वस्ताईची किंमत मोजणारं दुसरं टोक खुद्द इंग्लंडात होतं, हे आपल्याकडच्या स्वदेशीच्या इतिहासात फारसं येत नाही. टॉडमॉर्डन नावाच्या गिरणगावातल्या विणकरांनी सरकारकडे अर्ज केला की मागाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर या मातीची धूळ उडते आणि ती आमच्या छातीत जाते. १८७२ मध्ये डॉ. जॉर्ज बुकॅनन यांनी तिथे जाऊन चौकशी केली आणि सरकारला अहवाल दिला. धुळीने पांढरे झालेले कपडे, खोकला, छातीचे विकार. शिवाय जड खळीचा धागा कोरड्या हवेत मोडतो म्हणून मागखात्यात वाफ सोडत. दिवसभर त्या वाफाऱ्यात भिजलेली माणसं संध्याकाळी बाहेरच्या थंडीत पडत. या वाफेवर मर्यादा घालणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला तो १८८९ मध्ये, म्हणजे अहवालानंतर सतरा वर्षांनी. टॉडमॉर्डनचा विणकर आणि वेळापूरचा कुणबी एकाच मातीने नाडले गेले, पण त्या दोघांची गाठ पडण्याची काही सोय नव्हती.

तरीही फसवणुकीचा वारा एकाच दिशेने वाहत होता असं समजायचं कारण नाही. इकडून जाणाऱ्या कापसात सरकी, माती, कचरा मिसळणं, वजन वाढावं म्हणून पाणी मारणं, चांगल्या कापसाच्या गाठीत हलका दडपणं हे आपल्या व्यापाऱ्यांचे जुने धंदे. मुंबई सरकारने त्याविरुद्ध १८२९ मध्येच नियम केला होता. अमेरिकन युद्धात भाव कडाडले तशी भेसळही वाढली आणि १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीचा स्वतंत्र कायदा आला. निरीक्षक नेमले गेले. त्यांचा खर्च निघणार बाहेर जाणाऱ्या कापसावरच्या फीतून, आणि गुन्हा शाबीत झाला तर शिक्षा कडक. बार्शीसारख्या कापसाच्या पेठेत याचा धाक आणि जाच दोन्ही असणार. निरीक्षकांच्या हाती सत्ता आली की पुढे काय होतं ते कोणाला वेगळं सांगायला नको. हा कायदा सुमारे वीस वर्षांनी गुंडाळला गेला.

आपला सडका कापूस मँचेस्टरला जात होता आणि मँचेस्टरचं मातीचं कापड आपल्याकडे येत होतं. फरक एवढाच की पहिल्यासाठी तुरुंगाचा कायदा होता आणि दुसऱ्यासाठी बराच काळ काहीच नव्हतं.

नक्कल तर चक्क सरकारी खर्चाने चालली होती. लंडनच्या इंडिया ऑफिसातले जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये हिंदी कापडाच्या सातशे नमुन्यांचे अठरा खंड तयार केले. धोतरं, लुगडी, पागोटी यांचे खरे तुकडे कापून पानांवर चिकटवलेले. असे वीस संच निघाले. त्यांतले तेरा ब्रिटनमधल्या कापडधंद्याच्या शहरांत वाटले आणि सात हिंदुस्थानात पाठवले. हेतू उघड होता: इथल्या लोकांना काय आवडतं ते बघा आणि तसं विणा. संग्रहालयात ठेवून बघितले तर हे खंड फार देखणे आहेत.

कायद्याची पाळी आली ती इंग्रजांना स्वतःला चटका बसल्यावर. जर्मनीत झोलिंगेनला होणाऱ्या हलक्या चाकू-कात्र्यांवर शेफिल्डची नावं मारून ती विकली जात, अशी शेफिल्डच्या कारागिरांची ओरड होती. त्यातून ब्रिटनमध्ये १८८७ चा मालावरच्या खुणांचा कायदा झाला आणि परदेशी मालावर ‘मेड इन जर्मनी’ असं लिहिणं आलं. त्यामागोमाग दोन वर्षांनी, १८८९ मध्ये, हिंदुस्थानसाठी तसाच कायदा आला. त्यात इथल्यापुरतं एक खास कलम होतं. कापडाच्या प्रत्येक ताक्यावर त्याची लांबी किती वार आहे ते ठळक शिक्क्याने छापलं पाहिजे. ताका चाळीस वार म्हणून विकायचा आणि आत सदतीस-अडतीस निघायचा, या तक्रारीवरचा हा इलाज.

शिक्का लांबीचा, खळीबद्दल त्यात चकार शब्द नाही. तोही इंग्रजी आकड्यांत. वेळापूरच्या बाजारात कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हात मोजून कापड घेणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग किती झाला असेल? घाऊक व्यापाऱ्याला झाला. बहुतेक अशा कायद्यांचा पहिला लाभ ज्याला वाचता येतं आणि वकील परवडतो त्यालाच होतो.

जकातीचं राजकारण याच सुमाराचं. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने १८७९ मध्ये आपल्या कौन्सिलातल्या बहुसंख्य सभासदांचं मत बाजूला सारून जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात उठवली. १८८२ मध्ये उरलेलीही गेली. १८९४ मध्ये तिजोरीला गरज पडली म्हणून पुन्हा बसवली, पण लँकेशायरला वाईट वाटू नये म्हणून इथल्या गिरण्यांवरही अबकारी कर लादला. १८९६ मध्ये त्याचा दर ठरला साडेतीन टक्के आणि तो १९२५ पर्यंत चालला. स्वस्त मालाची स्वस्ताई अशी दोन्हीकडून राखली जात होती.

सोलापूरचा विणकर या रेट्यात मेला नाही, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ‘मँचेस्टरने हातमाग संपवला’ हे वाक्य आपण फार सहज लिहितो. धोतर, शर्टिंग, पागोट्याचं तलम कापड मँचेस्टरने घेतलं. नऊवारी लुगडं, त्याचे विणलेले काठ आणि पदर मात्र त्याला नीट साधले नाहीत. तेलंगणातून आलेले पद्मशाली, इथले कोष्टी, साळी, मोमीन या लुगड्यावर तगले. १८७७ पासून सोलापूरच्या जुन्या मिलचं सूतही त्यांना गावातच मिळू लागलं. त्यांचा खरा काळ होता तो दुष्काळ. ज्वारी महागली की माणूस पहिल्यांदा कापड घेणं थांबवतो, म्हणून विणकर शेतकऱ्याच्याही आधी उपाशी पडतो. शिवाय दुष्काळी कामावर खडी फोडून त्याचा हात गेला की नंतर मागावर चालत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी सोलापुरात येऊन स्थानिक व्यापाऱ्यांच्या मदतीने विणकरांना त्यांच्याच धंद्यात काम द्यायची योजना आखली होती. सूत द्यायचं, कापड घ्यायचं, तोटा वाटून घ्यायचा. सरकारने ती मान्य केली नाही.

स्वदेशीचं बोलणं मात्र त्याच्या कितीतरी आधीचं. लोकहितवादींनी १८४८ नंतर ‘प्रभाकर’मधल्या पत्रांत विलायती मालाविषयी लिहिलं, गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारात हातच्या सुताचे कपडे घालून गेले. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. स्वदेशी कापडाची मागणी एकदम वाढली, आणि मागणी वाढली की काय होतं हे व्यापाऱ्याला शिकवावं लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांनी धोतरांचे भाव चढवले; टिळकांना गिरणीमालकांशी जाऊन बोलावं लागलं. विलायती ताक्याची चिठ्ठी काढून स्वदेशीची लावण्याचे प्रकारही सुरू झाले. ज्या मुंबईच्या गिरण्या मँचेस्टरच्या नावाने बोटं मोडत, त्यांनाही जड खळीची कला चांगली अवगत होती.

वेळापूरच्या शिवारात परदेशी मालाशी चाललेल्या या झगड्याचा वेगळा शेवट झाला, तो साखरेत. ऑस्ट्रिया आणि जर्मनीची बीटाची साखर तिथल्या सरकारांच्या निर्यात-अनुदानामुळे इथे पडत्या भावात येई. १८९९ मध्ये कर्झनच्या सरकारने तिच्यावर खास जादा जकात बसवली. परदेशी साखर जनावरांच्या हाडांच्या कोळशातून गाळतात, या बातमीने स्वदेशीवाल्यांच्या हाती धर्माचंही शस्त्र दिलं. बातमी खोटी नव्हती. मग बीट मागे पडलं आणि जावाची साखर आली. १९३२ मध्ये साखरधंद्याला संरक्षण मिळालं आणि नीरेच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर माळशिरस तालुक्यात लागोपाठ दोन कारखाने उभे राहिले: सासवडच्या माळी बागाईतदारांनी काढलेला माळीनगरचा, आणि चंद्रशेखर आगाशे यांचा श्रीपूरचा. इथल्या शेतकऱ्याला आयात मालाला पर्याय उभा राहिलेला प्रत्यक्ष दिसला तो इथे. कापडात तसं सरळ काही झालं नाही.

१९३० साल सोलापूरने कसं काढलं ते सर्वांना ठाऊक आहे. मे महिन्यातला गोळीबार, मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना दिलेली फाशी. त्याच्या महिनाभर आधी, १२ डिसेंबरला, मुंबईत काळबादेवीला विलायती कापडाच्या ट्रकखाली सत्याग्रही बाबू गेनू गेले. १९१३-१४ मध्ये देशात तीनशे कोटी वारांहून जास्त परदेशी कापड आलं होतं. १९३०-३१ मध्ये ते सुमारे नव्वद कोटींवर उतरलं.

माणसं कापडासाठी मरत होती त्याच वर्षांत बाजारात नकली खादीचा सुळसुळाट होता. गिरण्यांच्या उत्पादनाच्या अधिकृत तक्त्यात ‘खादी, डंगरी’ असा सरळ एक रकानाच असे. जाडंभरडं गिरणीचं कापड, त्यावर चरख्याचं किंवा गांधीजींचं चित्र, आणि भाव खऱ्या खादीपेक्षा कमी. गांधीजींनी याविरुद्ध पुन्हा पुन्हा लिहिलं. चरखा संघाला दुकानांना प्रमाणपत्रं द्यावी लागली. जाड कापड खादीच्या नावाने खपवण्यात जपानी मालही मागे नव्हता.

जपानची स्वस्ताई मँचेस्टरपेक्षा वरचढ होती. नवे माग, गिरणीच्या आवारातल्या वसतिगृहांत राहणाऱ्या खेड्यातल्या मुलींची मजुरी, आणि डिसेंबर १९३१ नंतर घसरलेला येन. दोन वर्षांत जपानी कापड आयातीत ब्रिटनच्या बरोबरीला आलं. मग जून १९३३ मध्ये ब्रिटिशेतर कापडावर पंचाहत्तर टक्के जकात बसली. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी हिंदी कापूस घेणं थांबवलं आणि कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली ती पाहण्यासारखी आहे: जकात पन्नास टक्के, आणि जपानने आपला पंधरा लाख गाठी कापूस घेतला तर चाळीस कोटी वार कापड पाठवायची मुभा. मँचेस्टरला मुंबईच्या गिरणीमालकांनी, होमी मोदींच्या करारातून, आधीच आपल्या बाजूला वळवून घेतलं होतं. एकेकाळचा शत्रू आता जपानविरुद्धचा सोबती.

त्याच १९३४ साली खादीच्या नावाचं संरक्षण करणारा कायदा झाला. हाताने कातलेल्या सुताचं, हाताने विणलेलं कापड तेच खादी. दुसऱ्या कशावर हे नाव घालणं म्हणजे खोटी खूण. हा कायदा टेकला होता तो १८८९ च्या खुणांच्या कायद्यावर. ज्या सरकारने गांधीजींना तुरुंगात घातलं त्याच सरकारचा कायदा, मूळ शेफिल्डच्या चाकूंसाठी सुचलेला, खादीच्या उपयोगी पडला.

१९५८ मध्ये जुना कायदा व्यापारचिन्हांच्या नव्या कायद्यात मिसळून गेला. १९९९ च्या कायद्याने भौगोलिक नावांना वेगळं संरक्षण दिलं आणि महाराष्ट्रातून त्याचा लाभ सुरुवातीलाच ज्यांना मिळाला त्यांत सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल होते. गिरण्या एकेक करून बंद पडल्यावर पद्मशाली कारखानदारांनी जॅकार्डच्या यंत्रमागावर हे नाव मोठं केलं होतं. ‘सोलापुरी’ लिहिलेली पण पानिपतकडे झालेली हलकी चादर बाजारात येते, ही त्यांची जुनी तक्रार आहे. पानिपत हे श्रीमंत देशांनी टाकून दिलेल्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून सूत काढण्याचं मोठं केंद्र. गाठी समुद्रावरून येतात, आणि पिंजताना उडणारा कचरा तिथल्या मजुरांच्या छातीत जातो. नोंदणीने सोलापूरच्या हातात हक्क दिला, पण तो बजावायचा म्हणजे नकली चादर कुठे विणली ते शोधा, पुरावा गोळा करा, वकील लावा आणि परराज्यातल्या तारखांना जा. मोठ्या कारखानदाराला हे जमेल. सोलापुरात चार-सहा मागांवर घर चालवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा एक दिवस माग बंद राहिला तर त्या दिवसाचा घरखर्च निघत नाही.